ठाण्याच्या घरापासून एडिसनच्या घरापर्यंत: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

'मुंबई ते न्यूयॉर्क किती तास?' असं फोनला विचारलं की उत्तर लगेच येतं: पंधरा-सोळा तास. हे उत्तर खरं आहे, पण ते फक्त विमानाचं आहे. घोडबंदर रोडवरच्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलीच्या घरी बॅगा टेकवेपर्यंत माणसाचा अख्खा दिवस जातो. त्यातले आठ-नऊ तास त्या उत्तरात नसतात. सत्तरीच्या आई-बाबांना नेमके तेच तास जड जातात.

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता बहुतेक प्रत्येक सोसायटीत कुणाचं ना कुणाचं मूल अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात आहे. तिकीट तिकडून काढलं जातं आणि प्रवास इकडून होतो. तिकीट काढणारा भाडं बघतो, फार तर एकूण तास बघतो. ते तास कसे झाले, थांबा वाटेवर आहे की आडवाटेला, घरातून किती वाजता निघावं लागेल, औषधाच्या वेळा कुठे पडतील, हे कुणी मांडून बघत नाही. वहीचं एक पान आणि अर्धा तास दिला तर हे सगळं घरबसल्या मांडता येतं. मी ठाणे ते न्यूयॉर्क हे उदाहरण सोबत घेतो आणि उलट्या दिशेसाठी अधूनमधून मेलबर्न. तुमचं शहर वेगळं असेल तर आकडे बदला, रीत तीच राहते.

पायरी १: शहर नको, विमानतळ लिहा

पानाच्या वर 'ठाणे ते न्यूयॉर्क' असं लिहू नका. कुठल्या विमानतळावरून कुठल्या विमानतळावर, ते लिहा. आपल्याकडे हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय, कारण इथेच दोन विमानतळ आहेत. सहारच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचं सांकेतिक नाव बीओएम आणि नवी मुंबईच्या विमानतळाचं एनएमआय. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली, सुरुवात देशांतर्गत मार्गांनी. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर आहेत. विमानाला हे अंतर काहीच नाही, पण रात्री नऊ वाजता चुकीच्या विमानतळासमोर उभ्या असलेल्या माणसाला ते फार मोठं असतं. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून थांबू नका, तीन अक्षरं बघा. दिल्ली किंवा बंगळुरूमार्गे जायचं असेल तर पहिला टप्पा कुठून सुटतो, हे तर दोनदा बघा.

समोरच्या टोकालाही तेच. न्यूयॉर्क परिसरात केनेडी आणि नूअर्क असे दोन मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. मुंबईपासूनचं अंतर जवळजवळ सारखं, पण एडिसन, इझलिन, जर्सी सिटी इकडे जायचं असेल तर नूअर्क जवळ. केनेडीवर उतरलात तर अख्खं शहर ओलांडून जावं लागतं. भाड्यात थोडा फरक असेल तर मी डोळे झाकून नूअर्क सांगतो.

पायरी २: हवाई अंतर मोजा

ही पायरी सोडून पुढे गेलात तरी चालेल, फोनवर अंतर मिळतंच. पण एकदा स्वतः मोजून बघा. पुढे थांबा निवडताना जी समज लागते ती इथे येते.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या, आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि ताणा. ताणताना दोरा आपोआप सरकून सगळ्यात जवळची वाट पकडतो. आता तो कुठून गेलाय ते बघा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली की अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक अशी वाट दिसते. दोरा मात्र मुंबईहून वायव्येला, तेही बराचसा उत्तरेकडे कलून, गुजरातवरून सिंधमध्ये शिरतो. पुढे अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड-स्वीडन, मग आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत तो चढतो. विमानातल्या पडद्यावर वाट अशी वाकडी दिसली की लोकांना वाटतं विमान वळसा घेतंय. गोलावर तीच सरळ वाट असते. वाकडी दिसते ती सपाट नकाशामुळे.

दोरा उचला आणि पट्टीवर मोजा. १२ इंच व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९६ सेंटिमीटर असतो आणि दोरा भरतो ३० सेंटिमीटरच्या आसपास. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. तेव्हा ३० भागिले ९६, गुणिले ४०,०००: उत्तर १२,५००. प्रत्यक्ष आकडा आहे सुमारे १२,५५०. दोऱ्याने इतकं जवळ जाता येतं, हे नातवंडांना करून दाखवण्यासारखं आहे.

नेमका आकडा हवा असेल तर फोनमधलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडा आणि ते 'डिग्री'वर आहे ना ते बघा. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. केनेडी ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम, म्हणून दोन्हींची बेरीज करायची: १४६.६५. (दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी.) आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि १४६.६५ चा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: उणे ०.५९९. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) काढला की ११२.७ अंश मिळतात. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले तर १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने वीसेक किलोमीटरचा फरक राहतो. सपाट नकाशावरच्या पट्टीच्या वाटेने गेलात तर हेच अंतर सुमारे १४,२०० भरलं असतं. दक्षिण गोलार्धातलं शहर असेल तर अक्षांश उणे घ्यायचा. मेलबर्नचा अक्षांश उणे ३७.६७, अंतर येतं सुमारे ९,८०० किलोमीटर.

एककाकडे मात्र लक्ष ठेवा. हेच अंतर कुठे ७,७९० मैल लिहिलेलं सापडेल, तर कुठे ६,७७०. पहिले साधे मैल, १.६ किलोमीटरचे. दुसरे सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचे, आणि विमानवाले तेच वापरतात.

पायरी ३: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

लांब पल्ल्याची विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण चढताना, उतरताना आणि धावपट्टीपर्यंत रांगताना तो वेग नसतो. माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८५० ने भागायचं आणि वर पाऊण तास घालायचा. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, म्हणजे तीन तास. मुंबई-लंडन ७,२००, म्हणजे सव्वानऊ. मुंबई-न्यूयॉर्क १२,५५०, म्हणजे साडेपंधरा. वेळापत्रकाशी ताडून बघा, बहुतेक अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बसतं.

उरलेला फरक दोन गोष्टींचा. पहिली गोष्ट वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून त्याच वाटेवर येण्याचा प्रवास जाण्यापेक्षा तासभर, कधी त्याहून जास्त लवकर होतो. तिकिटावर दोन बाजूंचे तास वेगळे दिसले तर चूक समजू नका.

दुसरी गोष्ट बंद आकाश. दोऱ्याने दाखवलेली वाट विमानाला मिळेलच असं नाही. युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून अमेरिकी, कॅनेडियन आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्याचा मोठा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसला. मुंबईहून समुद्रावरून बाहेर पडता येतं म्हणून इथे तो तुलनेने कमी, पण वळसा पडतोच. अशा बंद्या लागतात, उठतात, वाढतात. म्हणून जुन्या लेखातले तास धरू नका. तुमच्या तारखेच्या तिकिटावरचे तासच खरे, आणि ठोकताळा ते पडताळायला.

तिकिटावरचा वेळ धावपट्टी सोडल्यापासूनचा नसतो. विमान गेटवरून मागे सरकतं तिथपासून समोरच्या गेटला लागेपर्यंतचा तो असतो, म्हणून प्रत्यक्ष हवेतला वेळ वीस-तीस मिनिटं कमी भरतो.

पायरी ४: दोन घड्याळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. रात्री १:३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोहोचतो, म्हणजे सहा तास, असं समजणारे लोक खरंच असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तिकीट ते तसंच दाखवतं.

उपाय सोपा आहे. सगळं भारतीय वेळेत करून घ्या. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, म्हणून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणूनच जगातल्या बहुतेक शहरांशी आपला फरक 'साडे'मध्ये येतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. लंडन साडेचार आणि साडेपाच मागे. दुबई बारा महिने दीड तास मागे. सिंगापूर अडीच तास पुढे. मेलबर्न आपल्याकडच्या पावसाळ्यात साडेचार तास पुढे आणि डिसेंबरात साडेपाच.

आपण घड्याळ कधी बदलत नाही, ते बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. मेलबर्न आणि सिडनीत उलटं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. सहा महिने राहून येणाऱ्यांची जाण्या-येण्याची तिकिटं हमखास या बदलाच्या दोन बाजूंना पडतात, म्हणून परतीचा हिशोब जातानाच्या फरकाने करू नका.

आता उदाहरण. वेळा नमुन्याच्या आहेत. जून महिना, मुंबईहून रात्री १:३०, न्यूयॉर्कला सकाळी ७:३०. ७:३० मध्ये साडेनऊ तास मिळवा: भारतात संध्याकाळचे ५. १:३० ते ५, साडेपंधरा तास. पायरी ३ मधल्या ठोकताळ्याशी जुळलं. परतीला न्यूयॉर्कहून दुपारी १२:३० ला निघालात तर भारतात तेव्हा रात्रीचे १०. मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला उतरलात, म्हणजे साडेचौदा तास.

आणि तारीख. आपल्याकडची परदेशी विमानं मोठ्या संख्येने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१० जून, ०१:३०' असेल तर घर ९ जूनच्या संध्याकाळी सोडायचं. '१० तारखेचं विमान' असं घरात बोललं जातं आणि १० च्या रात्री बॅगा बांधून तयार झालेल्या माणसाचं विमान तोपर्यंत न्यूयॉर्कला पोहोचलेलं असतं. फ्रिजवर तारीख लिहून लावायची तर 'घरातून निघणं: ९ जून' अशी लावा. विमानाची तारीख कंसात.

पायरी ५: थांबा वाटेवरचा की आडवाटेचा

थेट विमान नसेल किंवा परवडत नसेल तर थांबा आला. इथे दोरा पुन्हा काढा, किंवा दोन टप्प्यांच्या अंतरांची बेरीज करा. मुंबई-लंडन-न्यूयॉर्क सुमारे १२,७५०, थेट अंतराहून २०० किलोमीटरच जास्त. दिल्लीमार्गे १२,९००. दुबईमार्गे १२,९५०. म्हणजे या तिन्ही वाटांत हवेतला वेळ फारसा वाढत नाही. जो वाढतो तो जमिनीवरचा.

मेलबर्नला मात्र निवड महत्त्वाची ठरते. सिंगापूरमार्गे ३,९२० अधिक ६,०३०, म्हणजे ९,९५०. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे. दुबईमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर बेरीज करा: १,९३० अधिक ११,६५०, म्हणजे साडेतेरा हजार. आधी पश्चिमेला जायचं आणि मग तेच अंतर परत कापत पूर्वेला. चार तासांहून जास्त हवेतले वाढले. वयस्कर माणसांसाठी असं तिकीट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांब्याची लांबी किती असावी? तरुण माणसाला दोन तास पुरतात. आई-बाबांसाठी तीन ते चार तास चांगले. पहिलं विमान तासभर उशिरा आलं तरी धावाधाव होत नाही, आणि खुर्चीवर बसून पाठही धरत नाही. आठ-दहा तासांचा थांबा असेल तर भाड्यात वाचलेले पैसे तिथेच विश्रांतीच्या खोलीवर जातात, हे आधीच धरून चाला. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाताना धुक्याचा वेळ सोडा. तेव्हा दिल्लीतला दोन तासांचा थांबा मी कुणालाच सुचवणार नाही.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर आहेत ना, हे पक्कं करा. तसे असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तरी पुढची सोय कंपनी करते आणि बॅगा सहसा थेट पुढे जातात. वेगवेगळी तिकिटं असतील तर मधल्या शहरात बॅग घ्या, बाहेर पडा, परत आत जा, हे सगळं तुमच्यावर. बाहेर पडायला त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. काही देशांत नुसत्या थांब्यालाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघायचा.

अमेरिकेत आत आणखी एक विमान बदलायचं असेल, समजा न्यूयॉर्कहून डॅलस, तर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. तिथे बॅगा पट्ट्यावरून उतरवून घ्याव्या लागतात, कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. तिकिटावर बॅगेची पट्टी डॅलसची असली तरी. इथे तीन तासांच्या खाली जाऊ नका. अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, विमानात बसण्याआधी होतं. मग अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. त्यासाठी अबू धाबीचा थांबा मात्र ऐसपैस हवा.

पायरी ६: ठाण्याहून सहार

रात्रीच्या विमानाचं उलटं गणित मांडा. सुटणं १:३०. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे १०:३०. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि अमेरिकेच्या विमानाला गेटजवळ पुन्हा एक तपासणी असते, म्हणून हे तीन तास कमी करायचे नाहीत.

ठाण्याहून टर्मिनल २ पंचवीसेक किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास. पण तो मोकळा आहे असं धरून निघणाऱ्याने घोडबंदर रोड बघितलेला नाही. कासारवडवली, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा हा तुकडाच कधी अर्धा तास खातो, कधी तासभर. पुढे तीन हात नाक्यावरून, कोपरी पुलावरून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागलात की जरा बरं. आनंदनगर टोलनाका १५ ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफ आहे, त्यामुळे तिथली जुनी रांग आता नाही. मग पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, किंवा सरळ घाटकोपरच्या पुढे जाऊन सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. संध्याकाळी पवईचा रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबलेला असतो. चालकाला दोन्ही पर्याय विक्रोळीच्या आधी बघायला सांगा, नंतर बघून उपयोग नाही.

मी घोडबंदरकरांना कोरड्या दिवसात दोन तास सांगतो, नौपाडा-पाचपाखाडीकरांना दीड. पावसाळ्यात त्यावर एक तास. दहीहंडी आणि विसर्जनाच्या दिवशी ठाण्यातले आतले रस्ते बंद होतात. नवरात्रात टेंभी नाक्याचा भाग टाळायचा. त्या दिवसांत तिकीट असेल तर वाहतूक पोलिसांची सूचना आदल्या दिवशी वाचा आणि दुपारीच महामार्गाच्या बाजूच्या नातेवाइकांकडे जाऊन थांबा. हा सल्ला अतिरेकी वाटेल, पण विसर्जनाच्या संध्याकाळी मिरवणुकीमागे अडकलेल्या गाडीत पासपोर्ट हातात धरून बसणं फार वाईट.

दिवसाचं विमान असेल आणि सामान कमी असेल तर लोकल आणि मेट्रोची वाट चांगली आहे: ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ मध्ये बदललात की पुढचंच स्टेशन टर्मिनल २. दोन मोठ्या बॅगा घेऊन सकाळी नऊच्या लोकलमध्ये हे करू नका. मध्यरात्रीनंतर मेट्रो नसते, हेही ध्यानात ठेवा.

नवी मुंबईकरांना वाशी पूल आणि चेंबूरवरून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता हीच मुख्य वाट. ऐरोली-घणसोलीकरांनी ऐरोली पुलावरून मुलुंड आणि मग ठाणेकरांचा रस्ता. उलवे-पनवेलकरांना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू हाही पर्याय आहे. तो शिवडीला उतरवतो, तिथून उत्तरेला यावं लागतं, शिवाय टोल आहे. पण वाशीला कोंडी असेल त्या रात्री तो कामाला येतो.

एक गोष्ट वेळ वाचवणारी: मुंबई विमानतळावर जानेवारी २०२५ पासून भारतीय नागरिकांसाठी फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची सोय आहे. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावं लागतं. दरवर्षी जाणाऱ्यांनी ते करून ठेवावं. चालण्याचा त्रास असणाऱ्यांनी व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवावी, किमान ४८ तास आधी. टर्मिनल २ मध्ये चालणं बरंच आहे.

पायरी ७: उतरल्यानंतर

इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दोन तास धरा. लवकर झालं तर आनंद. केनेडीहून एडिसन दीड ते पावणेदोन तास. घ्यायला येणाऱ्याला विमान लागण्याची वेळ सांगू नका, बाहेर येण्याची सांगा. पार्किंगचे पैसे वाचतात आणि चिडचिडही.

आता वहीच्या पानावर सगळं एकाखाली एक येतं. डावीकडे भारतीय वेळ, उजवीकडे तिकडची:

घर सोडणं: ९ जून, रात्री ८:३०
सहारला पोहोचणं: रात्री १०:३०
विमान सुटणं: १० जून, रात्री १:३०
विमान लागणं: संध्याकाळी ५:०० (न्यूयॉर्क सकाळी ७:३०)
बाहेर येणं: संध्याकाळी ७:०० (सकाळी ९:३०)
एडिसनचं घर: रात्री ८:४५ (सकाळी ११:१५)

सव्वाचोवीस तास. हा तुमचा खरा प्रवास.

या पानाची डावी बाजू औषधांसाठी आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी आठला घेत असाल तर ती विमानात, सुटल्यावर साडेसहा तासांनी येते. विमानातला कर्मचारी जेवण देईल तेव्हा नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे पान घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि प्रत्येक मात्रेची वेळ त्यावरच लिहून घ्यावी. दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, तेव्हा मात्रा कशी विभागायची हे त्यांनीच ठरवायचं. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. बॅगेत टाकलेली गोळी सोळा तास तुमच्या पायाखाली असते आणि उपयोगाची नसते. दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्या बसल्या घोटे फिरवा. इतका वेळ पाय लटकत ठेवले की रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्यामुळे पूर्वी असा त्रास झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

उजवी बाजू झोपेसाठी. सकाळी ११:१५ ला घरी पोहोचाल तेव्हा अंगाच्या घड्याळात रात्रीचे पावणेनऊ वाजलेले असतात. तेव्हाच आडवे झालात तर रात्री बारा-एकला टक्क जागे व्हाल. जेवून थोडं उन्हात फिरा, तिकडचे रात्रीचे आठ वाजेपर्यंत तग धरा. शरीराला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यात नायगराचा बेत नको.

परतीचं पान

परतीचं पान आजच करून ठेवा, कारण तिकडे गेल्यावर ते राहून जातं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर परतत असाल तर फरक साडेदहा तासांचा. वारा पाठीशी, म्हणून विमान चौदा-पंधरा तासांत येईल. एडिसनहून केनेडीला जायला अडीच तास धरा, शुक्रवारी दुपारी असेल तर तीन तास. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांना दीड तास. दुपारी बाहेर आलात तर ठाणे तासा-सव्वातासात. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये आलात तर सगळा मुंबईचा नोकरदार वर्ग तुमच्याबरोबर ठाण्याकडे निघालेला असतो, तेव्हा दोन तास. चालकाला विमानाचा क्रमांक द्या, म्हणजे उशीर झाला तर त्याला फोनवर दिसेल. घरच्या किल्लीचा एक जोड शेजारी ठेवला असेल त्यांनाही उतरण्याची भारतीय वेळ आणि तारीख लिहून पाठवा, वार घालून.

निघण्याच्या आदल्या दिवशी पान पुन्हा तिकिटाशी ताडून बघा. वेळा दहा-वीस मिनिटांनी बदलतात, कधी टर्मिनल बदलतं, आणि कंपनीचा मेल परदेशातल्या मुलाच्या पत्त्यावर गेलेला असतो.